सुगुणाची बिनछपराची गाडी

पोंगलनंतरच्या मंगळवारी सकाळी सुगुणा गेली. ती माझी बायको. ती स्वयंपाकघरात होती, मी बाहेर पेपर वाचत होतो. भांडं पडल्याचा आवाज आला. मी आत गेलो. शेजारचे डॉक्टर आले आणि त्यांनी सांगितलं. दुपारी मुलगा बंगळूरहून आला. संध्याकाळी आम्ही स्मशानातून परतलो.

त्यानंतर लोक आले आणि बोलले. पहिल्या दिवशी सगळे एकच बोलले, "भाग्यवान हो. कुंकवासकट गेली." मराठीत बोलले, तमिळमध्ये बोलले, आमच्या खालच्या मजल्यावरचे तेलुगू गृहस्थ इंग्रजीत बोलले. नवऱ्याच्या आधी मरण्यात काय भाग्य आहे ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. तिचा रक्तदाब, तिची अर्धी राहिलेली कामं, आंब्याच्या लोणच्याची आणून ठेवलेली रिकामी बरणी, यातलं काही त्या भाग्यात बसत नव्हतं. मी मान हलवत राहिलो. दुखवट्याच्या घरात भांडू नये हे मला लहानपणापासून शिकवलं आहे, आणि तिथे भांडावं असं एवढं काही असतं हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

जाताना प्रत्येकाची नजर अंगणातल्या गाडीवर जायची. लहानशी, दोन दारांची, जुन्या घडणीची, वरचा टप कापून उघडी केलेली, समुद्राच्या पाण्यासारख्या हिरव्या रंगाची. ते गाडीकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि त्यांचे डोळे भरायचे. "किती प्रेमाने करून दिलीत हो तिला!"

"मी नाही केली," मी म्हणायचो. "तिनेच केली."

ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे.

कालपासून कत्तिरी लागलं. दिनदर्शिकेत तसं छापलेलंच असतं. महाराष्ट्रातून नवीन आलेल्यांना वाटतं, एप्रिल काढला म्हणजे उन्हाळा काढला. इथला उन्हाळा मे महिन्यात कात टाकून पुन्हा उभा राहतो. अग्निनक्षत्र म्हणतात त्याला, कत्तिरी वेयिल म्हणतात. रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवतं. टाकीतलं पाणी सकाळी नळातून चहाला घ्यावं इतकं तापलेलं येतं. कोपऱ्यावर कुठल्या तरी पक्षाच्या रंगांचा मांडव उभा राहतो आणि वाटसरूंना मडक्यातलं ताक मिळतं. ताडगोळे विकणारी बाई कडुनिंबाच्या सावलीबरोबर दिवसभर सरकत राहते. आणि दुपारी सगळं शहर एकाच गोष्टीची वाट बघतं, समुद्रावरून वारा कधी सुटतोय. तो वेळेवर सुटला तर माणसं एकमेकांशी बरं बोलतात. उशीर झाला तर बसमध्ये भांडणं होतात.

अशाच एका कत्तिरीत सुगुणाने गाडीचा टप कापला. सगळ्या मद्रासने दारंखिडक्या लावून घेतल्या होत्या तेव्हा ती डोक्यावरचं छप्पर काढायला निघाली होती. चेन्नई हे नाव ती कागदावर लिहायची, तोंडात मद्रासच.

मी मूळचा सांगलीचा. नोकरीसाठी इकडे आलो आणि एका कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. सुगुणा इथलीच, तंजावरकडच्या मराठी घरातली. पिढ्यान्‌पिढ्या या मुलुखात राहून घरात मराठी टिकवलेली माणसं. शब्द जुने, सूर तमीळ. आमच्या लग्नात माझी आई मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "मुलगी गोड आहे, पण बोलते ते गाणं आहे का भाषा?" सुगुणाने ते ऐकलं होतं. पुढे कित्येक वर्षं ती आईला फोन करून आधी विचारायची, "गाऊ का बोलू?"

संरक्षण खात्याच्या कारखान्यात तिची नोकरी. यंत्रभागांचे नकाशे काढायची. पदाचं नाव ड्राफ्ट्समन, आणि तिच्या टेबलावरच्या पाटीवरही तेच. झाकणं, बिजागऱ्या, कड्या, कसले कसले ब्रॅकेट, यांचे नकाशे तिने आयुष्यभर काढले. ते भाग जोडून काय तयार व्हायचं ते कुठल्याशा दुसऱ्या शेडमध्ये, दुसऱ्या गेटच्या आत. "मी काढलेलं चालताना मी कधी पाहिलंच नाही की," ती एकदा म्हणाली होती, भाजी चिरताना, तक्रारीच्या सुरात नव्हे. एखाद्याने आपण काश्मीर पाहिलं नाही असं सांगावं तसं.

गाडी तिच्या वडिलांची. ते रेल्वेत होते. घरात त्या गाडीला सगळे धाकटी म्हणायचे, कारण सुगुणा थोरली, मुरली मधला आणि ही धाकटी. सुगुणा याच गाडीवर चालवायला शिकली. मी कधीच शिकलो नाही. वडील गेले, गाडी आमच्याकडे आली, आणि एका चक्रीवादळात फाटकासमोरच्या गुलमोहराची फांदी तिच्या टपावर पडली. सकाळी पाहिलं तर टप मधोमध खचलेला, वर लाल पाकळ्यांचा चिखल. खालची गाडी धड होती.

मुरली म्हणाला, भंगारात द्या. भंगारवाला म्हणाला, द्या. तसा टप बाजारात मिळत नव्हता. ठोकून सरळ करता आला असता, पण सुगुणाला ते मान्य नव्हतं. "ठोकून, वर लांबीचा लेप फासून, रंग मारून मग जन्मभर लपवत बसायचं?" ती म्हणाली. "त्यापरीस काढून टाकते. नसलेलं नीट करता येतं." निवृत्तीला तेव्हा थोडाच अवकाश होता. ती घरी कागद पसरून बसायला लागली. लोकांना वाटतं तिला वाऱ्याची हौस होती, तारुण्याची आठवण होती, सिनेमातल्यासारखा पदर उडवायचा होता. यातलं काही नव्हतं. मोडलेल्या गोष्टीतून बरोबर गोष्ट कशी करायची एवढाच प्रश्न तिच्यापुढे होता, आणि तो प्रश्न तिला आवडला होता. बाईला प्रश्न आवडू शकतो हे कोणाच्या मनातच येत नाही. तिला वारा आवडतो हे लगेच पटतं.

एप्रिलअखेर ती निवृत्त झाली. हार, शाल, चांदीचा दिवा. दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशांची गुंडाळी काखेत मारून ती गिंडीला निघाली. मला म्हणाली, "तुम्ही काय करणार घरी? पुस्तक घ्या आणि चला."

मुरलीचा फोन आला. "अक्का, मद्रासच्या उन्हात उघडी गाडी? बोनेटवर अप्पळम-पापड भाजणार काय?"

"तू ये," सुगुणा म्हणाली. "पहिला तुझ्या टकलावर भाजते."

हे कत्तिरीतच करायला हवं, असं तिचं म्हणणं होतं. पावसाळ्यात कापलेला पत्रा उघडा राहिला की एका रात्रीत तांबूस होतो, आणि या गावात समुद्राची हवा पत्र्याला वाळवीसारखी खाते. उन्हात कापायचं, उन्हातच अस्तराचा रंग चढवायचा.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत सेल्वराजची शेड होती. मालक तोच आणि कापणाराही तोच. वर तापलेले पत्रे, मधे एक पंखा, तो हवा फिरवत नसे, ढकलत असे. ग्राइंडर चालू झाला की ठिणग्यांचा पिसारा जमिनीवर सांडायचा. जळलेल्या रंगाचा वास, वेल्डिंगचा निळा चटका, चहाच्या पेल्यातला आल्याचा वास आणि पलीकडच्या बिस्किटांच्या भट्टीवरून येणारी गोडसर वाफ, हे सगळं त्या उन्हात एकमेकांत वितळलेलं होतं. मी एका स्टुलावर पुस्तक घेऊन बसायचो. घामाने पानं चिकटायची.

सेल्वराज म्हणाला, "सार, एका तासात टप उडवतो. चहा पिऊन या."

हे तो मला म्हणाला. नकाशा सुगुणाच्या हातात होता. गाडी तिच्या नावावर होती. तिच्या बोटांना खडू होता. मी पुस्तकातून मान वर केली आणि तिच्याकडे बोट दाखवलं. तो तिच्याकडे बघून माझ्याशीच बोलत राहिला.

शेडच्या कोपऱ्यात आणखी एक गाडी उभी होती, तिचाही टप कापलेला. कोणा हौशी माणसाची. तिची दारं काथ्याच्या दोरीने बांधलेली होती. सुगुणाने त्या गाडीभोवती एक फेरी मारली, दोरीला बोट लावलं आणि विचारलं, "ही पण एका तासात उडवली होतीस काय?"

सेल्वराज हसला, पण लाजून.

मग तिने त्याला जे सांगितलं ते मला आजही तिच्या आवाजात ऐकू येतं. अशा गाडीत टप म्हणजे नुसती सावली नव्हे. लाकडी पेटीचं झाकण उखडलं की पेटी कशी कलते, तशी टप काढला की गाडी मधोमध खाली बसते आणि दारं लागेनाशी होतात. म्हणून आधी आतून बांधायचं आणि मगच वरून कापायचं. तिने एका दाराच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत आतून लोखंडी नळ्या तिरक्या वेल्ड करून घेतल्या. दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत जाड पत्रा भरला. या कामात आठवडे गेले, आणि इतक्या दिवसांत टपाला कोणी हात लावला नाही. सेल्वराज रोज एकदा विचारायचा, "सार, आज कापायचं?" मी रोज बोट दाखवायचो.

कापायच्या आधी तिने दारं लावली आणि नकाशाच्या जाड कागदाची पट्टी दाराच्या फटीतून वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिली. मग तिने टपाच्या खांबांवर खडूने रेघ ओढली. सेल्वराजने रेघेवर कापलं. टप चौघांनी उचलून शेडबाहेर नेला, आणि ऊन एकदम गाडीच्या आत उतरलं. वडिलांच्या काळापासून ज्या आसनावर सावली होती तिथे पहिल्यांदा ऊन पडलं. मागच्या आसनाच्या खाचेत एक जुनं खोबरेल तेलाचं टोपण चमकत होतं.

सुगुणाने तिकडे लक्ष दिलं नाही. ती वाकून तीच कागदाची पट्टी दाराच्या फटीतून सरकवत होती. पट्टी वरून खालपर्यंत अडखळली नाही. ती उभी राहिली, पदराने मान पुसली आणि म्हणाली, "चहा सांगा की."

तो क्षण मी पाहिला आहे. तो तिचा होता. मी तेव्हा स्टुलावर होतो, हातात पुस्तक होतं आणि बोट पानात होतं. एवढाच माझा वाटा. लोक ज्याला माझं प्रेम म्हणतात ते एका स्टुलावर बसलेलं होतं.

गाडी रस्त्यावर आणण्यासाठी ज्या मान्यता लागतात त्या तिने आपले नकाशे घेऊन, फिरून, उन्हातून मिळवल्या. सुगुणाला हुशार म्हणणारे पुष्कळ होते. पण हुशार म्हणजे काय, तर मुलाचा अभ्यास घेणारी, दिवाळीला मोत्यांचा कंदील घरी करणारी, असं त्यांचं माप. या मापात मावणार नाही असं तिने काही केलं की ते मागे उभ्या असलेल्या माणसाच्या नावावर जायचं. तो माणूस बहुधा मी असायचो, कारण तिच्या मागे मीच उभा असायचो.

गाडी शेडमधून निघाली त्या दिवशी सेल्वराजने रीतीप्रमाणे पूजा मांडली. बोनेटवर चंदनाची बोटं, काचेला झेंडूची माळ, चारी चाकांखाली एकेक लिंबू. नारळाऐवजी कोहळा, त्याला आत कुंकू भरलेलं. मालकाने गाडीत बसायचं, लिंबांवरून पुढे न्यायची, की दृष्ट मोडली. सेल्वराजने कापूर ओवाळला, किल्ली चंदनात बुडवली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"मला चालवता येत नाही," मी म्हणालो.

किल्ली तशीच माझ्यापुढे राहिली. मग सुगुणा इतकी हसली की तिला बोनेटला टेकावं लागलं. "घ्या की, अहो! बसा तरी. फोटो निघू दे. स्टिअरिंगमागे तुम्ही परत दिसणार आहात काय या जन्मात?" मी बसलो. ती बाजूला उभी राहिली, अजून हसत होती. सेल्वराजने मोबाइलवर फोटो काढला. मग मी उतरलो, ती बसली आणि चारी लिंबं एकाच वेळी फुटली. त्याचा फोटो कोणी काढला नाही. सगळे टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर ती पहाटे गाडी काढायची. सुंदर रस्त्यांची तिला गरज नव्हती. आम्ही एन्नोरला जायचो, कारण लहानपणी तिचे वडील तिला तिथे खाडी दाखवायला न्यायचे. आता खाडीच्या तोंडाशी वीजकेंद्रांच्या चिमण्या आहेत आणि कोळ्यांच्या होड्या राखेच्या पाण्यात उभ्या असतात. परत येईपर्यंत आमच्या केसांत, आसनांवर, माझ्या चष्म्यावर बारीक राख बसलेली असे. "छप्पर असतं तर ही बाहेर राहिली असती," मी म्हणालो. "छप्पर असतं तर तुम्हाला ती दिसली असती काय?" ती म्हणाली. "इथल्या माणसांच्या घरात रोज बसते. बसू दे थोडी आपल्यावर पण."

आणि टी. नगर. सणाच्या खरेदीच्या गर्दीत, साड्यांच्या दुकानांपुढे, सिग्नलला आमची गाडी उभी. सुगुणा स्टिअरिंगवर, मी शेजारी, मांडीवर पिशवी. एक मोटारसायकल अगदी लगत येऊन थांबली. स्वार वाकला, सुगुणाच्या समोरून मान पुढे काढली आणि मला म्हणाला, "सार, सूपर गाडी! कुठलं मॉडेल?" सुगुणाने मॉडेल सांगितलं. त्याने मान हलवली आणि मला विचारलं, "इंजिन तेच ठेवलंय का, सार?" सुगुणाने सांगितलं, तेच. "सार, मायलेज?" तेवढ्यात सिग्नल सुटला. सुगुणा गिअर टाकता टाकता त्याला तमिळमध्ये म्हणाली, "तंबी, सार नुसते पिशवी धरायला आलेत. पुढच्या सिग्नलला भेट, मायलेज सांगते." ती हसत होती. तिला राग यायचा नाही असं नाही. तिला कामं होती.

मला कामं नाहीत. म्हणून राग माझ्याकडे आला आहे.

तेराव्याला तिच्या नावाने दान द्यायचं होतं. जोडा, तांब्या, अंथरूण, छत्री. गेलेल्या जिवाला वाटेत ऊन लागू नये म्हणून छत्री द्यायची असते. ही छत्री टी. नगरला जाऊन मुरली घेऊन आला. चांगली मोठी, लाकडी मुठीची. त्याने ती भटजींच्या हातात ठेवली तेव्हा त्याचे डोळे वाहत होते, आणि ते खोटे नव्हते. तरी मला ओरडावंसं वाटलं. जिवंतपणी ती उन्हात उभी राहिली तेव्हा तुम्हाला पापड सुचले. तिने ऊन स्वतः निवडलं होतं, मापून, विचार करून, रेघ ओढून. आता तिच्यावर सावली धरायला सगळे धावत आले. छत्री दिली गेली.

उन्हाळ्याआधी जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक मेळा भरतो, एका मोठ्या हॉटेलच्या हिरवळीवर. सेल्वराजने आमच्या गाडीचं नाव दिलं. मुरलीने गाडी तिथवर चालवत नेली. मी गेलो, कारण मला वाटलं, निदान गाड्यांतलं कळणारी माणसं तिथे असतील. गाडीसमोर इंग्रजीत फलक लावला होता. वर तो फोटो, मी स्टिअरिंगमागे, सुगुणा बाजूला उभी, हसणारी. खाली, एका पतीने आपल्या दिवंगत पत्नीसाठी स्वतः घडवलेली भेट, अशा अर्थाचं वाक्य. दिवंगत पत्नीसाठी! म्हणजे ती मेल्यावर मी शोक करत हातात ग्राइंडर घेतला. ज्या बाईने ती केली तिला मारून टाकून तिलाच ती बक्षीस दिली.

मी आयोजकांना शोधलं. सुटाबुटातले, मृदू बोलणारे गृहस्थ. मी सांगितलं, हे चुकीचं आहे. नकाशे तिचे, काम तिचं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बाजूच्याला म्हणाले, "सार रोंब सिंपल," म्हणजे फार साधे.

मग मला मंचावर बोलावलं आणि सर्वांत भावस्पर्शी गाडी म्हणून कसलं तरी खास मानचिन्ह पुढे केलं. मी माइक मागून घेतला. आयुष्यभर ग्रंथालयात काढलेल्या माणसाला मोठ्याने बोलायची सवय नसते. मी म्हणालो, "ही गाडी माझ्या बायकोने केली. ती असताना केली. मी काही केलं नाही. मला गाडी चालवतादेखील येत नाही."

लोक हसले. मग उभे राहिले. मग टाळ्या, आणि त्या थांबेनात. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे टिपत होती. माझं प्रत्येक वाक्य माझ्याच मोठेपणात जमा होत होतं. मी नाही म्हणालो की ते नम्रता. ती म्हणालो की ते प्रेम. मी गप्प बसलो असतो तर ते दुःख. मी मानचिन्ह खुर्चीवर ठेवून बाहेर आलो, आणि नंतर कानावर आलं की, माझं मन भरून आलं होतं म्हणे.

रात्रीच्या जेवणाआधी मुलाचा, अजयचा फोन आला. कोणीतरी त्याला व्हिडिओ पाठवला होता. "बाबा, एवढं मनाला का लावून घेता? लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलतायत ना."

"माझ्याबद्दल बोलतायत," मी म्हणालो. "तेच सांगतोय मी तुला."

"आईला असल्या गोष्टींचं काही वाटायचं नाही."

"आईला वाटायचं की नाही ते आईला विचारलं होतंस का?"

तो म्हणाला, "बाबा, जेवून घ्या."

मी आयुष्यभर पुस्तकं लेखकाच्या नावाने कपाटात लावली. चुकीच्या नावाखाली लागलेलं पुस्तक फाटत नाही, त्याला वाळवी लागत नाही. ते तिथेच असतं, धडधाकट. फक्त ज्याला ते हवं असतं त्याला मिळत नाही. नव्या सहकाऱ्यांना मी सांगायचो, हरवलेलं पुस्तक एक वेळ परवडलं, चुकीच्या जागी लावलेलं नको, कारण हरवलेलं निदान आपण शोधतो. सुगुणाचं तसं झालं आहे. गाडी सगळ्यांना दिसते, सगळ्यांना आवडते, आणि तिच्यापर्यंत कोणी पोचत नाही. माझ्यापाशी येऊन थांबतात.

म्हणून हे कत्तिरी मला सोसत नाहीये. ऊन तेच आहे. दुपारी पत्रा तापला की गाडीच्या आसनांना तोच वास येतो, रेक्झिनचा आणि थोडासा खोबरेल तेलाचा. मी तिच्यावर ताडपत्री घालतो, संध्याकाळी वारा सुटला की काढतो. आठवड्यातून एकदा मुरली येऊन इंजिन सुरू करतो, टक्कल पुसतो आणि म्हणतो, "अक्का असती तर..." मी म्हणतो, "तर काय?" तो म्हणतो, "काही नाही, भावजी."

आज सकाळी सेल्वराज आला. बरोबर एक दंतवैद्य होते, त्यांच्याकडेही अशीच जुनी गाडी, त्यांना टप काढायचा आहे, आणि आमची पाहायची आहे. मी ताडपत्री काढली. सेल्वराजने सुरुवात केली, "बघा डॉक्टर, सारने स्वतः उभं राहून..."

"सेल्वराज," मी म्हणालो. "कोणी?"

"सार..."

"कोणी केली?"

त्याने मानेमागे हात नेला. "अम्मांनी."

"नीट सांगा. त्यांना सांगा, मला नको."

तो दंतवैद्यांकडे वळला. ऊन त्याच्या पाठीवर होतं. "अम्मांनी केली. नकाशा अम्मांचा, मापं अम्मांची. मी कापलं, ते अम्मांनी खडूने ओढलेल्या रेघेवर. मी तर पहिल्याच दिवशी कापायला निघालो होतो. कापली असती तर ही पण दोरीने बांधावी लागली असती." मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "राग धरू नका, सार. मला काय माहीत नव्हतं? पण गिऱ्हाइकाला सार म्हटलं की विश्वास बसतो. अम्मा म्हटलं की विचारतात, कुठली अम्मा?"

"मग सांगायचं, कुठली ते."

"सरी, सार. सांगतो."

दंतवैद्य आमच्याकडे लक्ष न देता गाडीत वाकले होते. त्यांनी समोरच्या काचेची चौकट दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली. जोर लावून पाहिली. मग मला म्हणाले, "मी उघड्या केलेल्या बऱ्याच गाड्या बघितल्यात. टप गेला की ही चौकट थरथरते. खड्ड्यातून गेलं की सगळी काच लटपटते. ही हलतच नाही. आतून काय केलंय इथे?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी स्टुलावर वाचत बसलो होतो."

त्यांनी सेल्वराजकडे पाहिलं. सेल्वराज म्हणाला, "काम चालू असताना दोन दिवस मी गावी लग्नाला होतो, डॉक्टर. अम्मांनी स्वतः हातमोजे चढवून आतून काहीतरी जोडलं. आलो तेव्हा वर रंग चढला होता. विचारलं तर म्हणाल्या, पुढच्या गाडीला शिकवते."

"नकाशात असेल?"

"नकाशात ते नाही," मी म्हणालो. "मी पाहिलंय. ते तिला नंतर सुचलं असावं."

दंतवैद्यांनी मला नम्र म्हटलं नाही. खांद्यावर हात ठेवला नाही. त्यांनी चौकटीच्या तळाशी बोट फिरवलं, जिथे पत्रा आत वळतो तिथे बराच वेळ बघितलं आणि हळहळून म्हणाले, "मग त्यांनाच विचारायला हवं होतं."

इतक्या महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांना आत बोलावून ताक दिलं.

ते गेले. वारा अजून सुटलेला नाही. गाडी आहे. ती सुगुणाने केली. तिची काच थरथरत नाही, आणि का, ते सांगू शकेल असं आता कोणी नाही.